पाचवं ताट

साहेबांच्या जन्मशताब्दीला बंगल्याच्या लोकांनी गुळगुळीत कागदाची एक स्मरणिका काढली. साहेब म्हणजे माझे आजोबा, माझ्या आईचे वडील. ते मंत्री होते, आणि आमच्या भागातली जुनी माणसं अजूनही नुसतं 'साहेब' म्हणाली तर ते त्यांच्याबद्दलच बोलत असतात. स्मरणिकेसाठी त्यांच्या दुसऱ्या घरातला, म्हणजे बंगल्यावरचा, एक नातू मला भेटायला आला. पांढरा शर्ट, मोठी गाडी, बोलणं फार आदराचं. म्हणाला, "ताई, मोठ्या आजींवर तुम्हीच लिहा. तुमच्याइतकं त्यांना कोण ओळखतं?" मी आठवडाभर बसून चार पानं लिहिली. छापून आल्या सहा ओळी. मथळा होता 'मंत्रिपत्नी आणि लाडकी आजी', आणि खाली होतं की त्या साहेबांच्या पाठीशी सावलीसारख्या उभ्या राहिल्या. हे वाक्य माझं नाही. समोरच्या पानावर एक जुना फोटो होता. साहेब मान वळवून कुणाशी तरी बोलत उभे आहेत आणि त्यांच्यापुढे हातात ताट घेतलेली एक नऊवारीतली बाई आहे. फोटोखाली छापलं होतं, 'ग्रामस्थ भगिनींकडून साहेबांचे औक्षण.' ती ग्रामस्थ भगिनी म्हणजे माझी आजी, साहेबांची लग्नाची बायको. छापणाऱ्यांना हे माहीत नव्हतं आणि सांगणाऱ्याला सांगावंसं वाटलं नाही. म्हणून त्या चार पानांत जे होतं ते, आणि लाजेनं जे मी तिथंही लिहिलं नव्हतं तेही, इथे लिहिते आहे.

आमचं घर देवळ्याचं. वडिलांची कांद्याची थोडी शेती, खाणारी तोंडं जास्त. आजी सायखेड्याला मळ्यात एकटी राहायची, तिला सोबत हवी म्हणून मला चौथीनंतर तिच्याकडे पाठवलं. मला पाठवताना आई रडली नाही, म्हणाली, "तिथं पोटभर खाशील आणि शाळेतबी जाशील." दोन्ही खरं झालं. आजीचं नाव अनुसया, गावात सगळे अनसाबाई म्हणत. दोन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी, पडवीत चूल, चार कोंबड्या आणि घरामागे गोदावरीच्या काठापर्यंत उतरत गेलेला दीड एकराचा तुकडा. तेवढा तुकडा साहेबांनी तिच्या नावे करून दिला होता. सकाळी जाग यायची ती भाकरी थापण्याच्या आवाजानं. बाजरीची भाकरी, खुरासणीची चटणी आणि कांद्याच्या पातीची भाजी, हे माझ्या सात वर्षांचं जेवण. आजही कुणी लग्नात पन्नास पदार्थ मांडून ठेवले की मी आधी भाकरी कुठे आहे ते बघते.

आजीला माझ्या आईनंतर मूल राहिलं नाही. साहेब तेव्हा मंत्री नव्हते, पण नाशकात त्यांची ऊठबस सुरू झाली होती. तिथेच त्यांनी दुसरं लग्न केलं आणि बंगला बांधला. शिकलेल्या, इंग्रजी बोलणाऱ्या, खुर्चीवर नीट बसता येणाऱ्या बाई. त्यांना सगळे बाईसाहेब म्हणत. दोन बायका करायच्या नाहीत असा कायदा तेव्हाही होता असं मी पुढे वाचलं. पण कायदे करायला जे निघाले होते त्यांना तो कोण सांगणार? आजी याविषयी एकदाच बोलली. मी विचारलं होतं, "तुला का नाही नेलं गं बंगल्यावर?" ती भाकरी थापत होती. म्हणाली, "त्यांना भाषणाला टाळ्या वाजवणारी पाह्यजे व्हती. माझ्या हाताचा आवाज फक्त भाकरीवर निघतो." आणि स्वतःच हसली. मीही हसले. तेव्हा मला ते विनोदी वाटलं होतं.

साहेब सायखेड्याच्या घरी येत नसत, पण त्यांची जीप यायची. महिन्या-दोन महिन्यांनी दगूभाऊ नावाचा त्यांचा ड्रायव्हर पडवीसमोर जीप उभी करायचा आणि चाकावर पाय ठेवून हाक मारायचा, "मोठ्या बाई, शुक्रवारी मांडे पाह्यजेत. मुंबईचे पाव्हणे हायेत." मांडे हा आमच्याकडचा मोठा थाट. गव्हाचं मऊ, जवळजवळ वाहणारं पीठ, त्यात पुरणाचा गोळा, आणि तो गोळा दोन्ही हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत पसरवायचा, टॉवेलएवढा, इतका पातळ की पलीकडचा जाळ दिसावा. मग चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर तो अलगद सोडायचा. हे सोडणं ज्याला जमलं त्याला मांडे आले. आजीच्या दोन्ही हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत खापराच्या कडेचे चटके होते, काही जुने पांढरे पडलेले, काही नवे लाल. बांगड्या भराव्यात तशी त्यांची रांग होती. शुक्रवारी ती पहाटे उठून तीस-चाळीस मांडे करायची, घडी घालून पांढऱ्या धुवट कापडात बांधायची, आणि दगूभाऊ ते गाठोडं मांडीवर घ्यावं तसं सांभाळून शेजारच्या सीटवर ठेवायचा. आजीला बंगल्यावर कधी कुणी बोलावलं नाही. मी एकदा दगूभाऊला विचारलं की पाहुणे काय म्हणतात. तो म्हणाला, "बोटं चाटत्यात. इचारत्यात, कोणी केले? बाईसाहेब सांगत्यात, गावाकडं आमची एक बाई हाय." आजी शेजारीच कोंबड्यांना दाणे टाकत होती. तिनं वर पाहिलं नाही. "एक बाई हायच की मी," एवढंच म्हणाली.

मी मॅट्रिकला शाळेत पहिली आले. आमच्या शाळेतून मुलीचा नंबर पहिला यायची ती पहिलीच वेळ. पेढे वाटले गेले, हेडमास्तरांनी घरी येऊन सांगितलं की हिला नाशिकला कॉलेजात घाला. आठ दिवसांत देवळ्याहून वडील आले. ते वाईट नव्हते, थकलेले होते. पडवीत बसून पाणी प्यायले आणि म्हणाले, "बंगल्यावर ठेवून घेत असतील तर शिकू द्या. नायतर उमराण्याचं एक स्थळ आलंय, मुलाची बागायत हाय. परक्या शहरात पोरगी एकटी ठेवायची माझी ऐपत नाय आन हिंमतबी नाय." कॉलेजचे अर्ज भरायला तीन आठवडे उरले होते.  आजीनं साहेबांकडे आजवर काही मागितलं नव्हतं. बंगल्याची पायरी चढायची नाही हे तिनं स्वतःच ठरवलेलं होतं, आणि निरोप पाठवावा तर तो आधी बाईसाहेबांच्या कानावरून जायचा. तरी दगूभाऊकडे एक निरोप दिलाच. उत्तर आलं, 'बघू.' बंगल्यावरून 'बघू' आलं की त्या विषयाचं काय होतं ते गावात सगळ्यांना माहीत होतं.

त्याच सुमारास शाळेच्या नव्या खोल्यांच्या उद्घाटनाला साहेब येणार असं ठरलं. सरपंच घरी आले. दारातच चपला काढून, मान खाली घालून म्हणाले, "अनसाबाई, पाच सवाष्णी ओवाळायला लागतील. चार ठरल्या. पाचवं ताट तुमचं धरू का? का... तुम्हाला बरं नाय वाटणार?" शेजारची एक बाई पडवीत निवडण घेऊन बसली होती. ती फटकन म्हणाली, "पाचवं का? घरची मालकीण, पह्यलं ताट तिचं." हा टोमणा होता की बाजू घेणं होतं ते मला आजही सांगता येत नाही. आजी म्हणाली, "पाचवंच द्या. शेवटचं." तिनं शेवटचं का मागितलं ते तिनं मला त्या संध्याकाळी सांगितलं. औक्षणाला माणूस उभा राहतो तेव्हा तो कितीही मोठा असो, दिवा फिरून होईपर्यंत त्याला जागचं हलता येत नाही. पहिल्या ताटाला गर्दी असते, घाई असते. शेवटच्या ताटाला माणूस घटकाभर मोकळा होतो. त्या घटकेत तोंडावर विचारायचं. बाईनं ओवाळल्यावर मागितलेलं कुणी नाही म्हणत नाही.

मग पुढचे पाच दिवस ती ते वाक्य पाठ करत होती. बाजरी पाखडताना, कोंबड्या झाकताना, तिचे ओठ हलायचे. एकदा तर ती मांडा हातावर झेलता झेलता मोठ्यानं म्हणाली, "पोरगी हुशार हाय. दोन वर्सं बंगल्यावर ठिवून घ्या. जेवणाखाण्याचं मी पाठवीन." मांडा खापरावर वाकडा पडला. तिनं तो कधीच वाकडा पडू दिला नव्हता. मी म्हटलं, "दोन नाही गं, चार वर्षं लागतात." ती म्हणाली, "आधी दोन मागावी. पाव्हणा आत आला की जेवल्याबिगर जात नाय."

उद्घाटनाच्या दिवशी शाळेपुढे मांडव होता, ताशा-हलगीवाले होते, पोरं झेंडे घेऊन रांगेत उभी. आजीनं लग्नातलं हिरवं लुगडं नेसलं होतं. ते इतकी वर्षं ट्रंकेत राहून घडीवर विरलं होतं, म्हणून तिनं ती बाजू आत घेतली होती. कपाळभर कुंकू लावलं होतं. ते कुंकू ज्याच्या नावाचं, त्यालाच ओवाळायला ती गावची सवाष्ण म्हणून उभी होती. मी तिच्या शेजारी तेलाची वाटी आणि जादा वात घेऊन उभी होते, दिवा विझला तर हाताशी असावी म्हणून. आणि मीच ती पोरगी, हे दाखवायलाही. तिनं मला सांगून ठेवलं होतं, "मी बोलले की पुढं व्हायचं आन पाया पडायचं."

गाड्या आल्या. साहेब उतरले. मी त्यांना इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं. उंच, गोरेपान, कडक इस्त्रीचे कपडे, अत्तराचा वास. त्यांच्या उजव्या हाताला त्यांचे पीए होते, हातात कोऱ्या नोटांचं पुडकं. मोठ्या माणसांच्या औक्षणाची एक रीत असते, ती मी त्या दिवशी पाहिली. बाई कुंकू लावते, दिवा फिरवते, पीए मागून हळूच एक नोट साहेबांच्या हातात सरकवतात, साहेब ती ताटात टाकतात, हात जोडतात आणि पुढच्या ताटासमोर जातात. दिवसाला चार-पाच गावं केली की त्या हाताला डोळ्यांची गरज उरत नाही. पहिलं ताट झालं, दुसरं झालं, तिसरं, चौथं. साहेब आमच्यासमोर आले तेव्हा ते डावीकडे वळून सरपंचांशी नदीच्या रस्त्याबद्दल बोलत होते. आजीनं टाच उंचावून त्यांच्या कपाळाला कुंकू लावलं. सुपारीनं ओवाळलं, दिव्यानं ओवाळलं. एकदा, दोनदा, तीनदा. चौथ्यांदाही फिरवला, वेळ काढायला. साहेबांचा हात आला आणि ताटात नोट पडली.

आजी म्हणाली, "अहो."

आमच्याकडे बाई एकाच माणसाला तसं नुसतं 'अहो' म्हणते. साहेबांनी ते ऐकलं. मान थोडी इकडे झाली, पण नजर ताटाच्या काठावरच थांबली. "हो हो," ते म्हणाले, "करू आपण. अर्ज पीएंकडे द्या."

पीएंनी लगेच हात पुढे केला. त्यांना सवय होती. आजीकडे अर्ज नव्हता. ती क्षणभर त्या रिकाम्या हाताकडे बघत राहिली. मी पाया पडायला एक पाऊल पुढे टाकलं होतं, तिनं कोपरानं मला मागे ढकललं. मग तिनं ताटातली नोट उचलली आणि साहेबांच्या डोक्यावरून, अंगावरून पायापर्यंत तीनदा उतरवली, लहान लेकराची दृष्ट काढावी तशी. आणि ती नोट हलगीवाल्याच्या पुढे टाकली. त्या माणसानं आनंदानं हलगी घुमवली. लोकांना वाटलं, काय माया आहे, स्वतःची ओवाळणीसुद्धा साहेबांवरून ओवाळून टाकली. टाळ्या पडल्या. साहेबांनी गर्दीकडे बघून हात जोडले. फोटो त्याआधीच, ते सरपंचांशी बोलत असताना, कुणीतरी काढला होता. स्मरणिकेतला फोटो तोच आहे. नीट पाहिलं तर त्यात एका कडेला तेलाची वाटी धरलेला एक हात दिसतो. तो माझा.

घरी आल्यावर तिनं लुगडं सोडून घडी घातली, ट्रंकेत ठेवलं. मी रडत होते. माझ्या डोळ्यांपुढे उमराण्याची बागायत होती. ती म्हणाली, "रडू राह्यली कशाला? अजून तेरा दिस हायेत." दुसऱ्या दिवशी ती पहिल्या एस.टी.नं एकटी नाशिकला गेली, आणि संध्याकाळी परत आली ती पंचवटीत खोली ठरवून. एका गुरुजींच्या घरामागची, एका खिडकीची खोली. मळा वाट्यानं देऊन टाकला. देवळ्याला जाऊन वडिलांना म्हणाली, "मी राहीन हिच्यासंगं. मग ती एकटी कशी?" वडिलांनी उमराण्याला नकार कळवला. माझा अर्ज शेवटून दुसऱ्या दिवशी भरला गेला. मी जी काही झाले, शिक्षिका झाले, मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले, आमच्या फांदीवरची पहिली पदवीधर झाले, ते सगळं त्या एका एस.टी.च्या फेरीचं आहे. यात कुणाही मंत्र्याचा वाटा नाही.

निघायच्या आधी एकदा जीप आली. दगूभाऊनं हाक मारली, "मोठ्या बाई, रविवारी मांडे." आजी पडवीत आली. म्हणाली, "खापर फुटलं." खापर तिच्या पाठीमागे चुलीशेजारी अख्खं होतं. दगूभाऊला ते दिसलं. त्यानं खापराकडे पाहिलं, आजीकडे पाहिलं आणि म्हणाला, "दुसरं आणू का कुंभाराकडून?" "तेबी फुटंल," आजी म्हणाली. तो गेल्यावर तिनं ते खापर उलथं करून त्यात कोंबड्यांना पाणी ठेवलं. त्यानंतर तिनं मरेपर्यंत मांडे केले नाहीत. माझ्या लग्नातही नाहीत. मी खूप आग्रह केला तेव्हा म्हणाली, "हात इसरले." माझं ते शिकून घ्यायचं राहून गेलं, आता बाजारात मिळतात ते मांडे मला गिळवत नाहीत.

पंचवटीत आजी भाजीबाजारात बसायला लागली. मळ्यातली मेथी, पालक, कोथिंबीर वाटेकरी सकाळच्या एस.टी.च्या टपावर टाकून द्यायचा. आजी पोतं अंथरून, त्यावर पाणी शिंपडून जुड्या मांडायची आणि दुपारपर्यंत संपवून यायची. महिन्याभरात ही बातमी बंगल्यावर पोचली. मंत्र्याची बायको रस्त्यावर भाजी विकते म्हणजे काय. दगूभाऊ आला, पण या वेळी जीप लांब उभी करून चालत. हळू आवाजात म्हणाला, "मोठ्या बाई, बाईसाहेबांनी सांगितलंय, साहेबांच्या नावाला बट्टा लागतो. पोरीला बंगल्यावर घेतो म्हणत्यात. तुम्ही फकस्त गावाकडं चला."

आजी म्हणाली, "माझ्या कपाळावर काय नाव लिवलंय का त्यांचं?"

"तसं न्हाय, पण लोकं वळखत्यात ना."

"लोकं कशी वळखतील? ज्यानं वळखायचं त्यानं अर्ज मागितला." मग तिनं मेथीच्या दोन जुड्या त्याच्या हातात कोंबल्या. "ने. बाईसाहेबांना सांग, गावाकडच्या एका बाईनं दिल्या."

मी मागे पुस्तकं घेऊन उभी होते आणि मनात म्हणत होते, हो म्हण, हो म्हण. मला बंगला हवा होता. टेबल, दिवा, वेगळी खोली. मला आजीचा अभिमान वाटत होता असं मी पुढे अनेक भाषणांत सांगितलं आहे. त्या वेळी तसं काही वाटत नव्हतं.

बरीच वर्षं गेल्यावर, आजीच्या दशक्रियेला, दगूभाऊ भेटला. साहेब तेव्हा अंथरुणाला खिळलेले होते. बंगल्यावरून हार आला होता, तो घेऊन तोच आला होता, नोकरीतून सुटलेला, म्हातारा. सायखेड्याच्या घाटावर दोन पुढाऱ्यांनी भाषणं केली, साहेबांच्या यशामागे या माउलीचा हात होता वगैरे. दगूभाऊ माझ्याजवळ येऊन बसला. म्हणाला, "एक सांगायचं राह्यलंय ताई. साहेबांनी वळखलं व्हतं त्या दिवशी. गाडीत बसले. मग म्हणले, 'अजून हात भाजून घेती ती.' मी म्हणलं, साहेब, मागं घेऊ का गाडी? तर म्हणले, 'पुढच्या गावाला उशीर होतोय. घे पुढं.'"

म्हणजे त्यांनी चेहऱ्याकडे पाहिलं नव्हतं, पण हात पाहिले होते. चटके पाहिले होते आणि नोट टाकली होती. मी इतकी वर्षं मनाची समजूत घातली होती की त्यांना कळलंच नाही. घाटाच्या पायरीवर बसून मला साहेबांचा फार राग आला. आणि त्या रागातच मला कोथिंबीर आठवली. मग राग कुणावर करायचा ते कळेना.

ती गोष्ट कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाची. माझ्या वर्गात दोन मैत्रिणी होत्या, शहरातल्या, चांगल्या घरच्या. मी मंत्र्यांची नात आहे हे त्यांना कुठून तरी कळलं होतं आणि मी ते नाकारलं नव्हतं. कुठे राहतेस विचारलं तर मी म्हणायची, "आजीकडे." त्यांनी बंगला समजायचा तो समजला. एका दुपारी त्यांनी पंचवटीत देवळात जायचं काढलं. मी नाही म्हणायला हवं होतं, पण कारण सुचलं नाही. गल्लीतून जाताना वाट भाजीबाजारातूनच होती. मला वाटलं आजी आता घरी गेली असेल. ती गेली नव्हती. तीन जुड्या उरल्या होत्या, त्या संपवून उठू असा विचार करून बसली असावी.

एक मैत्रीण नेमकी तिच्याच पोत्यासमोर थांबली. "किती ताजी आहे गं कोथिंबीर. आईला नेऊ का?" ती खाली वाकून भाव विचारणार तेवढ्यात आजीनं वर पाहिलं. तिला मी दिसले. तिचा चेहरा उजळला, तोंड उघडलं, 'सुमे' म्हणायला. आणि मी मान वळवली. डावीकडे, रिक्षांच्या गर्दीकडे, जणू तिथे मला कुणी हाक मारली होती. न बघता पर्समधून एक नोट काढली, पोत्यावर टाकली, हाताला आली ती जुडी उचलली आणि म्हणाले, "चला गं, मी घेतली, उशीर होतोय."

चार पावलं गेले असेन. मागून आवाज आला, "ताई."

आजी उठून आमच्यामागे आली होती. तिच्या तळहातावर सुट्टी नाणी होती. तिनं हात माझ्यापुढे धरला. नऊवारीच्या पदराखालून हाताचे ते सगळे चटके दिसत होते. "ताई, सुट्टे राह्यले," ती म्हणाली. "घ्या."

माझ्या आजीनं मला जन्मात एकदाच 'घ्या' म्हटलं. मी नाणी घेतली. ती मागे फिरली. माझी मैत्रीण कौतुकानं म्हणाली, "किती प्रामाणिक असतात नाही ही माणसं."

देवळात काय झालं मला आठवत नाही. संध्याकाळ होईपर्यंत मी गल्ल्यांतून फिरत राहिले. शेवटी खोलीवर गेले तेव्हा चूल पेटलेली होती आणि भाकरीचा आवाज येत होता. माझ्या हातात ती जुडी होती, मुठीत धरून धरून कोमेजलेली. काय बोलायचं ते मी रस्ताभर ठरवलं होतं. तिच्यासारखंच, एक वाक्य पाठ केलं होतं. मी दारात उभी राहिले आणि तोंड उघडलं, तेवढ्यात तिनं भाकरी तव्यावर टाकली आणि माझ्या हाताकडे बघून म्हणाली,

"घरात जुडी पडली हाय की गं सुमे. इकत कशाला घेतली?"

 तिनं हात पुढे केला, माझ्या मुठीतून ती जुडी सोडवून घेतली, देठं खुडली, वरवंट्यानं मिरची-मिठाबरोबर वाटली आणि माझ्या ताटात वाढली. समोर बसून मला जेवताना पाहत राहिली. मी ती चटणी सगळी खाल्ली.